मावशीची आगोट

चंद्रावतीमावशीचा आवाज कानावर आला, तेव्हा मृणालीच्या स्कूटरच्या डिकीत चंद्रावतीमावशीचीच आगोट भरलेली होती. जवळा, सोडे, आमसुलं, चिंचेचा गोळा, सगळं वेगवेगळ्या कापडी पिशव्यांत नीट बांधलेलं. पावसाळ्याचे चार महिने घराला पुरेल एवढी बेगमी करून ठेवायची, ती आगोट. मे महिना सरत आला की पेण-रोह्याकडच्या बायका एखादं लग्न चुकवतील, पण आगोट चुकवायच्या नाहीत. मृणालीने ऊन चढायच्या आत बाजार उरकला होता. आता जुबेदाखालासाठी पुदिन्याची एक जुडी घेतली की सुटली. त्या जुडीवर हात ठेवला आणि मागून, सुक्या मासळीच्या रांगेतून, खणखणीत आवाज आला, "गो बाय, हे बोंबील हायेत का बोंबलांची सावली?"

मृणालीचा हात तसाच पुदिन्यावर राहिला. मावशी या वेळी तिच्या गावी, कासूला असायला हवी होती. आपल्या घराच्या ओटीवर, पाय लांब करून, गुडघ्यांना तेल चोळत. 'आता माझ्यानं उंबरा पन ओलांडवत नाय गो,' असं गेल्याच आठवड्यात ती म्हणाली होती, आणि मृणालीचा जीव कसा कळवळला होता. तीच मावशी इथे पेणच्या भर बाजारात, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, ताडपत्रीवर पसरलेल्या बोंबलांसमोर उकिडवी बसली होती. उकिडवी! मृणालीने पैसे दिले की नाही हेही तिला नंतर आठवेना; ती सरळ छत्र्या-रेनकोटवाल्याच्या मांडवाआड गेली आणि लोंबत्या रेनकोटांमधून बघत उभी राहिली. आपण का लपलो, हे तिला कळलं नाही. लपायचं असलं तर मावशीने लपायला हवं होतं. नव्या प्लास्टिकचा वास नाकात भरला, पाठीवरून घाम ओघळला, आणि लहानपणी हरवल्यावर वाटायचं तसं वाटलं. फसवलं गेल्याचा राग असता तर बरं, तो निदान ओळखीचा असतो. हे वेगळं होतं. 'म्हणजे तिला मी लागतच नव्हते,' असं ते होतं.

आणि लागणं हीच तर गेल्या दोन वर्षांची तिची कमाई होती. अठरा वर्षं पेणच्या एका पतपेढीच्या काउंटरमागे बसली होती ती. पतपेढी दुसऱ्या मोठ्या पतपेढीत विलीन झाली आणि मृणाली घरात विलीन झाली. नवरा हितेश रोह्याच्या कंपनीत शिफ्टला, मुलगा पुण्याला, आणि घड्याळाचे काटे जागचे हलायला तयार नाहीत. अशा एका दुपारी खालच्या मजल्यावरच्या काळुरामकाकांनी, आयुष्यभर एसटी चालवलेल्या माणसाने, जिन्यात तिला थांबवून कानातल्या मशिनचा सेल पुढे केला. काही न बोलता, नुसता तळहातावर ठेवून. ती बाजारात जाऊन सेल घेऊन आली, मशिनमध्ये बसवला, मशिन त्यांच्या कानात घातलं. काका कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "हा कावळा किती बोंबलतो गं!" त्या दिवशी मृणाली घरी येऊन एकटीच हसली होती, आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं होतं की बऱ्याच दिवसांत आपण हसलो नव्हतो. मग काकांच्या गोळ्या, मग जुबेदाखालाचा गॅसचा नंबर लावणं, कुवेतला असलेल्या तिच्या झुबेरचा व्हिडिओ कॉल आला की फोन डब्याला टेकवून उभा करणं, कारण त्याशिवाय त्या लेकाला आईऐवजी छताचा पंखाच दिसायचा. बँकेत हात धरून नेणं, डोळ्यांच्या डॉक्टरकडे नंबर धरणं, चष्म्याची काडी, चपलेचा अंगठा. हितेश म्हणायचा, "लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस." ती म्हणायची, "भाजते. तुझी करपली का कधी?" बेल वाजवायच्या आधी एखादं दार उघडतं, आतलं माणूस 'आलीस?' एवढंच म्हणतं, त्या 'आलीस'पायी आपण उन्हातान्हात फिरतो हे तिला ठाऊक होतं, पण असं नवऱ्याला कुणी सांगतं का?

चंद्रावतीमावशी यात सगळ्यात जुनी. पतपेढीत यायची तेव्हापासूनची. तरुणपणी मिठागरात राबलेली, तळपाय अजून घोरपडीच्या पाठीसारखे. गेल्या श्रावणात ओटीच्या पायरीवरून पडली आणि मनगट मोडलं, तेव्हा रोह्याहून तिची लेक नमिता धावत आली. प्लास्टर निघेपर्यंत थांबली, आणि जाताना मृणालीचे दोन्ही हात धरून म्हणाली, "तुझ्या भरवशावर ठेवते तिला. पण पुन्हा एकटी बाहेर पडली असं कळलं ना, तर मी तिला रोह्याला नेणार. कायमची." नमिताचा तिसऱ्या मजल्यावरचा ब्लॉक मावशीने एकदा पाहिला होता. 'दार उघडलं का समोर दुसऱ्याचं दार,' एवढंच ती त्याबद्दल बोलायची, आणि एवढंच बोलून तोंड फिरवायची. तेव्हापासून दर आठवड्याला मृणाली कासूला बाजार घेऊन जायची. एक सडलेला कांदा सापडला तर शपथ. मावशी 'बरं झालं गो' म्हणायची आणि पिशव्या न उघडता बाजूला सरकवायची. ते न उघडणं मृणालीला खटकायचं, पण म्हातारं माणूस, दमलं असेल, असं म्हणून ती सोडून द्यायची. आता रेनकोटांच्या आडून बघताना तिला ते सगळे न उघडलेले आठवडे एकदम दिसले.

मावशी दमलेली नव्हती. मावशीला उन्हाचं भानही नव्हतं. तिने एक बोंबील उचलला, नाकाशी नेला, परत टाकला. दुसरा उचलला. कोळीण दाताने सुपारी फोडत होती, अशी शंभर गिऱ्हाइकं पाहिल्यासारखी. मावशी म्हणाली, मागच्या साली हाच वाटा याच्या दुप्पट होता. कोळीण म्हणाली, मागच्या साली दर्याही दुप्पट होता. मावशी म्हणाली, तुझी आई बसायची इथे, तिचं काळीज मोठं होतं. कोळीण म्हणाली, काळीज मोठं होतं म्हणूनच लवकर गेली. दोघींच्याही चेहऱ्यावर रेष हलत नव्हती आणि दोघीही रंगात आल्या होत्या. मृणालीला रोह्याचा बाजार आठवला, कुंडलिकेच्या अंगाने जाणारा रस्ता, आणि आईच्या पदराचं टोक मुठीत धरून चाललेली परकरी मृणाली. आईची एक रीत होती. भाव पटला नाही की ती काही न बोलता उठायची आणि चालू लागायची, मान ताठ, मागे न बघता. मृणालीला तेव्हा श्वास घेता यायचा नाही. बोलावतील? नाही बोलावणार? आणि मग मागून, 'ओ ताई, या, घेऊन जा!' अशी हाक यायची, आणि आई न हसता वळायची, पण पदराच्या टोकातून मृणालीला तिचं हसू कळायचं. भाजीत काय वाचलं असेल ते असो, आई त्या दिवशी घरात गुणगुणायची. हे गुणगुणणं कुठे गेलं होतं इतकी वर्षं? आपण पिशवीत कांदे घातले, लसूण घातली, सोडेसुद्धा घातले. हे घालायचं राहूनच गेलं, असं तिला वाटलं आणि डोळे चुरचुरले. सुक्या मासळीचा वास असा डोळ्यांत जातो, ही त्यातल्या त्यात बरी सबब.

तेवढ्यात मावशी उठली. एक हात गुडघ्यावर, एक जमिनीवर, आधी मागचा भाग वर, मग कंबर, मग मान. उठली आणि चालू लागली. आईसारखीच, मागे न बघता. फरक एवढाच, की आई झपाझप जायची आणि मावशी डुलत डुलत. तिचं ते निघून जाणं इतकं सावकाश होतं की त्यात काही धाकच राहिला नव्हता. कोळणीने दुसरी सुपारी तोंडात टाकली. मावशी शेजारच्या लसूणवाल्यापर्यंत पोचली. हाक नाही. मावशीने पाऊल आणखी हळू टाकलं. मृणालीला ते पाठीवरून दिसलं, ती ताठ धरलेली मान, तो वाट बघणारा कान. आता ही वळली तर हरली, आणि न वळता गेली तर बोंबलांशिवाय गेली. मग मृणालीने जे केलं, त्याचं तिला स्वतःलाच नंतर हसू आलं. रेनकोट बाजूला सारून ती अर्धी बाहेर आली आणि कोळणीकडे बघून दोन्ही हात हलवू लागली, बोलाव, बोलाव तिला. कोळणीने तिच्याकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं, पुन्हा मृणालीकडे पाहिलं. मग सुपारी गालात सरकवून ओरडली, "ये गो म्हातारे! ने! तुझ्याच नशिबाचं हाय!"

मावशी वळली. तिचं तोंड मृणालीने पाहिलं. मनगट मोडल्यापासून असं तोंड तिने पाहिलं नव्हतं. त्याआधीही पाहिलं होतं का, कोण जाणे. सौदा झाला. पण भरताना कोळणीने समोरच्या वाट्याला हात न लावता मागच्या गोणीतून ओंजळी भरल्या, आणि मावशी तेव्हा कनवटीला लावलेला बटवा सोडण्यात गर्क होती. मृणालीने ते पाहिलं. ओरडावं असं तिच्या अगदी ओठांवर आलं. मागच्या गोणीतला माल वाळलेला नसतो, हे पेणमध्ये शाळकरी पोरालाही कळतं. पण ओरडली असती तर आधी स्वतःला प्रकट करावं लागलं असतं, आणि नंतर त्या तोंडावरचं जे काही होतं ते उतरताना बघावं लागलं असतं. ती पुन्हा रेनकोटांआड सरकली. मावशीने पिशवी उचलली, चार पावलं चालली, एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकली, पदराने वारा घेतला आणि मान न वळवता म्हणाली, "ये गो भायेर आता. किती घामाघूम व्हशील त्या पिलाष्टिकात!"

मृणाली बाहेर आली. पायरीवर शेजारी बसली. कुणी कुणाला काय विचारायचं हेच ठरेना. "कधी बघितलंत?" शेवटी तिने विचारलं.

"तू पुदिना धरून उबी व्हतीस तवाच." मावशी समोर बघत म्हणाली. "नमीला सांगनार?"

मृणालीने स्कूटरच्या दिशेने बोट केलं. "डिकीत तुमची आगोट भरलेली आहे," ती म्हणाली, आणि आवाज तिच्या मनात होता त्यापेक्षा रडवा निघाला. "मी काय वाईट आणते का हो मावशी?"

"वाईट कशाला? लय चांगलं आनतेस." मावशीने आता तिच्याकडे बघितलं. "पन बाय, आगोट भरली का सांजच्याला बायका ओटीवर येतात. कुनी काय आनलं, कितीला घासलं, कोन कोनाला फशिवलं, चार दिस तेच चालतं. मी काय सांगू? मृनालीनं आनलं? मी नुसती बसून ऐकतंय. म्येल्यासारखं वाटतं गो." आणि मग लगेच, जणू फार बोलून गेलो म्हणून, "चल, उठव मना. गुडघं खरंच दुखतात, ते काय खोटं नाय."

मावशीच्या गुडघ्यांना स्कूटर झेपणार नव्हती, म्हणून ती डिकीतल्या आगोटीसकट बाजारातच सोडून दोघी मिनीडोर रिक्षात बसल्या. पिशवी मृणालीने मांडीवर घेतली आणि घेता क्षणीच तिला कळलं. सुका बोंबील पिशवीत खुळखुळतो. हे गप्प होते. बोटांना गारवा लागत होता, आणि वडखळ यायच्या आत तिच्या ड्रेसवर ओला डाग उमटला. पावसात ठेवले तर पंधरवड्यात किडे पडतील. सांगावं का? सांगणं हेच तर आपलं काम, निवडून देणं, सडकं बाजूला काढणं. आणि नाही सांगितलं तर ती कसली मदत? हायवेवरचा उकाडा गाडीत शिरत होता, शेजारचा माणूस पेंगत होता, आणि मावशी बाहेर बघत मध्येच ओठ हलवत होती. संध्याकाळी ओटीवर काय सांगायचं त्याची ती तयारी करत होती. मृणालीने डागावर ओढणी टाकली. आयुष्यात पहिल्यांदा तिने सडक्या मालाला डोळ्यांदेखत जाऊ दिलं, आणि आश्चर्य म्हणजे तिला त्याचं काही वाईट वाटलं नाही.

तेव्हाच नमिताचा फोन आला. "आई फोन उचलत नाहीये. सकाळपासून. तू गेली होतीस का कासूला?" मावशीने नाव वाचलं नसलं तरी ओळखलं, तिचा चेहरा एकदम लहान झाला, शाळेतून पळालेल्या मुलीचा होतो तेवढा. हिला आता ब्लॉकचं दार दिसत असणार, समोरच्या दारासकट. मृणालीच्या मनात दोन-तीन खोट्या गोष्टी तयार होत्या. त्या तिने गिळल्या.

"मावशी पेणच्या बाजारात आली होती," ती म्हणाली. "एकटी आली. आता माझ्याबरोबर परत चाललीय. ऐक नमिता, आधी ऐक. धडधाकट आहे. आणि यापुढे मी तिचा बाजार आणणार नाही. तिला बाजाराला आणीन. पिशवी मी उचलीन, रस्ता मी बघीन. बाकी तिचं ती."

पलीकडून गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते; नमिताही कुठेतरी रस्त्यावर असावी. "पडली तर?" तिने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसतं भय होतं, आणि ते मृणालीला अगदी जवळचं वाटलं.

"तर मी शेजारी असेन. तुझ्या ब्लॉकमध्येही पडायचं ठरवलं तर पडेल ती. तिथे तर शेजारीही कुणी नसेल, तू कामावर."

"तू तिला सामील आहेस," नमिता म्हणाली. मग सुस्कारा टाकून, "बोंबील घेतले का तिने?"

"घेतले."

"मग मला ठेव म्हणावं थोडे." फोन बंद झाला. मृणालीने मावशीकडे बघून होकाराची मान हलवली, आणि मावशीने रोखून धरलेला श्वास असा सोडला की पेंगणारा माणूस जागा झाला.

कासूला उतरून घरापर्यंतचा रस्ता मावशी पुढे आणि मृणाली मागे अशा चालल्या. ओटीवर बसल्या बसल्या मावशीने पिशवी ओढली आणि उघडली. एवढ्या आठवड्यांत तिने पिशवी उघडलेली मृणालीने पहिल्यांदाच पाहिली. वरचा बोंबील काढून तिने दोन्ही हातांनी मोडला. तो वाकला; मोडला नाही. दुसरा काढला. तोही वाकला. मावशीने हात खोल घातला, बाहेर काढला, बोटं एकमेकांवर चोळली, वास घेतला. अंगणात कोंबडीची पिल्लं चिवचिवत होती. मृणालीने डागावरची ओढणी सावरली.

"तुना ठावं व्हतं?" मावशीने विचारलं.

"होतं."

"कवापासून?"

"तिने गोणीत हात घातला तेव्हापासून."

"मंग बोलली का नाय?"

"तुम्ही परत वळलात ना मावशी, तेव्हा तुमचं तोंड बघितलं," ती म्हणाली. "मग बोलवेना माझ्यानं." बोलून झाल्यावर तिला वाटलं, झालं, आता ही म्हणणार, बाई, तुझा काही उपयोग नाही. आणि खरंच नव्हता. आज दिवसभरात आपण एकही काम धड केलं नाही, पुदिनासुद्धा बाजारातच राहिला. जुबेदाखाला वाट बघत असेल.

मावशी पिशवीकडे बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. आधी मृणालीला वाटलं रडतेय. पण ती हसत होती, तोंडाला पदर लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. "लय लबाड गो! तिची आय पन अशीच व्हती!" तिने पिशवीचं तोंड गच्च आवळलं, वर सुतळीची गाठ मारली आणि ती मृणालीच्या मांडीवर ठेवून दिली. तिचे डोळे चमकत होते. "पुढच्या बाजाराला लवकर ये. हीच पिशवी घेऊन जायाची. तिच्या म्होरं वतते, चार गिऱ्हाइकांच्या देखत. सोडते काय तिला!"

"आणि मी काय करू?" मृणालीने विचारलं.

"तू पिशवी धर," मावशी म्हणाली. "नि मधी अक्षर बोलू नको."

मृणालीने ती ओली, जड, वास मारणारी पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरली. इतकं बरं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.